धक्क्यावर करण्यासारखं

फॉर्मात विचारलंय, गावात करण्यासारखं काय.
बसा आधी. लाँच पलीकडं गेली,
मुंजाजी डिझेल घेऊन परत येईस्तोवर
साडेचार होतील.
त्याचे साडेचार उन्हाचे असतात, घड्याळाचे नाहीत.

पहिलं लिहा: वाट पाहणे.
ते इथं लई चांगलं होतं.
बाकडं सागाचं आहे, धरणाच्या कामावरून उरलेलं.
डाव्या टोकाला खिळा आहे, तिकडं सरकू नका.
त्या खिळ्यानं फाडलेल्या पँटी इसाक रफू करतो;
पैसे साठवले असते
तर त्याची दुसरी मशीन आली असती.

मग पाणी बघता येतं.
समुद्र नाही आमच्याकडं, माहीत आहे मला,
पूर्णा अडवल्यावर येलदरीला जे साचलं ते हे.
पण वारा सुटला की लाटा येतात,
जिंतूरची पोरं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडतात
आणि बीच, बीच म्हणून ओरडतात.
ओरडू द्यावं. चहा जास्त खपतो.

पलीकडं पुलाचे खांब दिसतात ना? सात आहेत.
आठव्याला पैसे संपले.
पाणकावळे बसतात त्यांच्यावर
पंख पसरून, धुणं वाळत घातल्यासारखे.
तेही लिहा. बघायला तिकीट नाही.

मासा खायचा तर सकाळी यावं लागतं.
निवृत्तीच्या जाळ्यात रोहू येतो, कटला येतो,
काळं तिखट लावून तव्यावर टाकते मी.
मरळ आली तर परत सोडायला लावते.
कामून ते विचारू नका,
तुमच्या रकान्यात तेवढी जागा नाही.

आणि ही भिंत.
खताच्या कंपनीचं कॅलेंडर, साल कधीच उलटलं,
पण जूनचं पान काढवत नाही.
जूनवर ते बंदर आहे:
पिवळी घरं, तांबडी छपरं, नावं लिहिलेल्या होड्या,
आणि कडेला टोपली घेऊन बसलेली एक बाई.
आंबे असावेत. मला तरी आंबेच दिसतात.
गावाचं नाव होतं खाली इंग्रजीत,
फोडणीच्या धुरानं खाल्लं.
मास्तर म्हणाले, हे कॅरिबियन.
इसाक म्हणाला, म्हणजे वेस्ट इंडीज की,
तिथली माणसं उंच, बॉल कानाजवळून जातो.
याहून जास्त माहिती गावात कुणाला नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिच्याशी बोलते.
तिलाही कुणी विचारत असेल,
वही घेऊन, बूट न काढता,
इथं काय बघावं म्हणून.
ती काय सांगणार?
सावली तीन वाजता कुठल्या पायरीवर येते ते.
कुणाची होडी कुणाच्या उधारीवर चालते ते.
पाहुणे म्हणत असतील, हे नको, प्रेक्षणीय सांगा.
मग ती टोपली पुढं करत असेल.
माझ्यासारखीच.
घ्या, अजून अर्धा कप घ्या.

मुक्कामाला राहिलात तर एक दाखवीन.
शेवाळाच्या कडेला, उजेड तिरपा झाल्यावर,
मरळीची पिल्लं वर येतात, तांबडी तांबडी,
मूठभर कुंकू पाण्यावर हलावं तशी.
खाली आई-बाप, दोघंही.
बेडूक जवळ आला तरी धावून जातात.
आठ दिवस झाले, रोज मोजायला जाते,
मोजून होत नाहीत.
हे लिहू नका.
लिहिलं की लोक गळ घेऊन येतात.

भोंगा वाजला. आली लाँच.
सांभाळून उठा.

बघा, सांगितलं होतं ना डावीकडं सरकू नका.
उतारावर हिरवं दार आहे इसाकचं.
मुंजाजीला थांबायला सांगते,
दहा मिनिटांचं काम.
तेवढं मात्र लिहा फॉर्मात:
गंगासागरच्या हॉटेलासमोर
पँट शिवून मिळते.